शेजारी ओढलेली खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात, ती खुर्ची मी नव्हे. माझ्यासाठी आजवर कुणी भांडलं नाही. भांडायला हवं होतं तेव्हाही सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, आणि म्हणून मी आज या जिन्याखाली, मोडका पंखा आणि रंगाचे रिकामे डबे यांच्या संगतीत उभी आहे.

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीने सुताराला एकसारख्या खुर्च्या करायला सांगितल्या होत्या. बाकीच्या सगळ्या बहिणी नीट निघाल्या, माझा मात्र मागचा एक पाय नखभर आखूड झाला. सुताराने मला जमिनीवर डुलवून पाहिलं आणि म्हणाला, "असू दे. जास्तीची म्हणून चालेल." तेव्हापासून मी जास्तीची.

कचेरी म्हणजे एक लांबलचक दालन होतं. दोन्ही बाजूंना खिडक्या, खिडक्यांना लागून टेबलं, टोकाला वर जाणारा जिना आणि खाली गार फरशी. प्रत्येकाचं टेबल ठरलेलं, प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. मी कुणाचीच नव्हते, म्हणून मला भिंतीशी लावून ठेवलं. कुणी माझ्यावर जेवणाचा डबा ठेवी, कुणी ओली छत्री माझ्या पाठीला अडकवी.

माझे दिवस पालटले ते नानांमुळे. नाना दालनातले सगळ्यात जुने आरेखक. नकाशा काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकदा एका शाळेच्या जिन्याशी त्यांचं घोडं अडलं. पायऱ्या ऐसपैस ठेवाव्यात तर वरच्या तुळईला डोकं आपटतंय, तुळई सांभाळावी तर पायऱ्या शिडीसारख्या उभ्या होताहेत. टेबलभर खोडरबराचा भुगा पडला. कुणाला विचारणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने नाक कापून घेणं. शेवटी ते उठले, मला कर्रकर्र ओढत आपल्या टेबलाशेजारी घेऊन गेले, आणि पुन्हा आपल्या जागी बसून नकाशाकडे बघत राहिले. तोंडातून चकार शब्द नाही. शेजारी रिकामी मी.

सगळ्यांनी पाहिलं, पण धीर कुणाला होईना. उठली ती नुकतीच कामाला लागलेली एक मुलगी. ती इतकं हळू बोलायची की तिला सगळे हळूबाईच म्हणत. ती येऊन माझ्या काठावर जेमतेम टेकली. दोघं नकाशावर वाकले. मग तिने पेन्सिल उचलून जिन्याचं वळण उलट्या बाजूला काढून दाखवलं. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हं," ते म्हणाले. "जा आता, तुझं काम कर."

झालं, तिथून रीत पडली. ज्याचं घोडं अडेल त्याने मला ओढून शेजारी ठेवायचं आणि गप्प बसायचं. आखूड पायामुळे मी फरशीवर अशी करकरत जाई की दालनाच्या पार टोकाला ऐकू जावं. ज्याला सवड असेल तो उठून येई आणि बसे. हाक मारायची नाही, 'मला जमत नाही' म्हणायचं नाही, आणि काम सुटल्यावर आभारही मानायचे नाहीत. नळांचे नकाशे काढणाऱ्याने खांबांचे नकाशे काढणाऱ्याला शिकवावं, कालच्या पोराने साहेबाला शिकवावं, असं सगळं माझ्यावर बसून चाले. मोठे साहेब स्वतः दोनदा-तीनदा मला ओढत घेऊन गेले होते, आणि तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

या रीतीला नाव नव्हतं. तिच्याविषयी कुणी कधी बोललंही नाही. आपल्याला काय येत नाही हे झाकण्यात माणसांचं निम्मं आयुष्य जातं, हे मी फार जवळून पाहिलंय. माझ्यापुरतं तरी त्यांना ते झाकावं लागत नसे, आणि बोलून दाखवावंही लागत नसे.

नळांचे नकाशे काढणारा लांब्या नवा नवा आला तेव्हा त्याला इमारत मधोमध कापल्यासारखी कागदावर बघता येईना. रोज मला ओढायचा. रोज हळूबाईच येऊन बसायची. उंचीमुळे त्याला टेबलाखाली गुडघे कुठे घालावेत ते कळत नसे, आणि ते वाकडंतिकडं बसलेलं ध्यान ती महिनोन्महिने, न चिडता, शिकवत राहिली. पुढे तो इतका तयार झाला की माझी करकर झाली की बहुतेक वेळा तोच आधी उठायचा.

हळूबाईला मात्र माझी गरज सगळ्यांहून जास्त होती. घरी आजारी आई आणि शिकणारी धाकटी बहीण; चूल हिच्याच पगारावर पेटायची. चुकायची तिला धास्ती, आणि विचारायची त्याहून मोठी धास्ती. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ती कुणाच्या तरी मागे जाऊन उभी राही. तिच्या वतीने मी विचारायचे. एवढ्या आधारावर ती दालनातली उत्तम आरेखक झाली, दवाखान्यांचे नकाशे हा तर तिचा हातखंडा.

पुढे नाना निवृत्त झाले. मोठे साहेबही थकले आणि कारभार धाकट्या साहेबांकडे आला. निरोपाच्या दिवशी नाना धाकट्या साहेबांना म्हणाले, "बाकी काय हवं ते बदला, पण ती खुर्ची तेवढी राहू द्या."

"अहो, एवढा जीव आहे तर घेऊन जा की घरी. आमच्याकडून भेट समजा," धाकटे साहेब म्हणाले. नाना हसले आणि गेले. दोन वाक्यं आणखी बोलले असते तर त्यांचं काही बिघडणार नव्हतं. त्यांचाही मला राग आहे.

मग पांढऱ्या बुटांचे एक सल्लागार आले. त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "यापुढे आपली संस्था लवचीक असणार. कुणाची जागा ठरलेली नाही, कुणी कुणाचा वरिष्ठ नाही. कामापुरते गट होतील, काम संपलं की मोडतील. आणि मुख्य म्हणजे, आपण सगळे एकमेकांकडून शिकणार."

खोटं कशाला बोलू, मला आनंदाचं भरतं आलं. म्हटलं, आले बाई एकदाचे कुणी माझ्या पंथाचे.

"सध्या तुम्ही एकमेकांकडून कसं शिकता?" सल्लागारांनी विचारलं.

लांब्या छताकडे बघू लागला. सगळ्यांच्या मनात मीच होते, हे मी शपथेवर सांगते, पण सांगायचं कसं? माझं नाव घेतलं की आपलं कुठे कुठे अडलं होतं तेही सांगावं लागणार. शेवटी हळूबाईचे ओठ हलले. "आमच्याकडे एक खुर्ची…"

"जरा मोठ्याने?" सल्लागार म्हणाले.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिचा चेहरा लाल झाला. "काही नाही," ती म्हणाली.

सल्लागारांनी टिपून घेतलं की इथे एकमेकांकडून शिकायची पद्धतच नाही. नंतर ते दालनात फेऱ्या मारून कुठल्या खुर्च्या वापरात आहेत ते पाहत होते. जेव्हा बघावं तेव्हा मी एकतर भिंतीशी रिकामी, नाहीतर कुणाच्या शेजारी रिकामी. रिकामं असणं हेच माझं काम होतं, पण ते त्यांना कोण सांगणार? माझ्या पाठीवर 'अतिरिक्त' अशी चिठ्ठी लागली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली.

इथून मला सगळं दालन दिसतं. फरशीवर जाड गालिचा आला, फक्त जिन्याखालचा तुकडा तेवढा उघडा राहिला. वेगवेगळी टेबलं काढून सगळ्यांना मिळून लांब टेबलं आली, चाकांच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या. सकाळी जो आधी येईल त्याला खिडकी, उशिरा येईल त्याला स्वच्छतागृहाचं दार. नळवाला एकीकडे, खांबवाला तिसरीकडे, प्रत्येकाच्या कानात ती गाण्यांची बोंडं. आणि एकमेकांकडून शिकण्यासाठी दर बुधवारी काचेच्या खोलीत एक तास ठेवला. तिथे सगळे रंगीत कागदांवर 'मला काय येतं' ते लिहून भिंतीला चिकटवत. काय येत नाही ते लिहायला कागदच दिला नव्हता. वर्षअखेरीला प्रत्येकाने एकट्याने काय केलं ते स्वतंत्रपणे जोखलं जाई, त्यामुळे तो लिहिला तरी कुणी असता?

अशातच हळूबाईकडे बाळंतपणाच्या एका इस्पितळाचा नकाशा आला. तिने मन लावून काढला, पण एका जागी तिचं मन खाऊ लागलं. प्रसूतीच्या खोलीकडून शस्त्रक्रियेच्या खोलीकडे जाणारी वाट लिफ्टपाशी वळत होती, आणि तिथे वर जाणाऱ्या नळांसाठी भिंतीचं एक खोकं पुढे आलेलं होतं. आडव्या झालेल्या बाईला चाकांच्या खाटेवरून नेताना ती खाट तिथे वळेल का? खोकं नळांचं, म्हणजे प्रश्न लांब्याचा. तो आता दुसऱ्या गटात होता.

तिने काय केलं असेल? चाकांची एक खुर्ची शेजारी ओढली आणि वाट बघत बसली. गालिच्यावर ना कर्र, ना खर्र. थोड्या वेळाने एक नवा मुलगा आला, तिने आशेने वर पाहिलं, तर त्याने खुर्चीत आपली पिशवी ठेवली आणि पलीकडे बसून काम करू लागला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा ओढली, तर कुणाचा तरी धक्का लागून ती घरंगळत लांब गेली. मी इथून बघत होते. माझा जीव तुटत होता, पण मला हलायचं म्हणजे कुणीतरी ओढावं लागतं.

नकाशा गेला. इमारत उभी राहिली. पहिल्यांदा खाट नेऊन पाहिली तेव्हा ती त्या वळणावर अडकली, ना पुढे ना मागे. भिंत पाडावी लागणार होती, आणि खापर फोडायला एक डोकं हवं होतं.

धाकट्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. आवाज अगदी मऊ होता. "तुम्हाला शंका आली होती ना? मग विचारलं का नाही? इथे कुणाच्या खोलीला दारसुद्धा ठेवलेलं नाही आपण."

"मी खुर्ची ठेवली होती," हळूबाई म्हणाली. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

"कसली खुर्ची?"

तिने जुन्या लोकांकडे पाहिलं. एकेकाने नजर चुकवली. तिने लांब्याकडे पाहिलं. ते खोकं त्याच्या नळांचं होतं, तोंड उघडलं असतं तर निम्मं खापर त्याच्या डोक्यावर आलं असतं. तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

हळूबाईला काढून टाकलं. कारण म्हणून लिहिलं की बाई हुशार आहेत, पण इतरांबरोबर मिळून काम करायची वृत्ती नाही.

शेवटच्या संध्याकाळी ती आपलं सामान एका पिशवीत भरून जिन्यापाशी आली. वाकून तिने मला डब्यांमागून बाहेर काढलं आणि उघड्या फरशीवरून ओढलं. कर्र… कर्र… किती दिवसांनी माझा आवाज मीच ऐकत होते. दालनात जुन्या माणसांच्या माना झटकन वर झाल्या. ती खालच्या पायरीवर बसली, मला शेजारी रिकामी ठेवली, आणि गप्प राहिली.

घरी आईला काय सांगायचं, बहिणीच्या शिक्षणाचं काय करायचं, हे तिचं अडलेलं घोडं होतं. ते कुणाला सुटलं नसतं. तरी कुणी येऊन नुसतं बसलं असतं तर चाललं असतं.

एक एक जण निघाला. मोबाइलमध्ये बघत, किल्ल्या शोधत, सगळे आमच्या बाजूने गेले. शेवटी लांब्या आला. तो थांबला. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. वाटलं, आता बसेल.

"जायला वाहन मिळेल ना तुला?" त्याने विचारलं.

"मिळेल," ती म्हणाली.

त्याने हात काढला आणि तो गेला. दिवे मालवायला पहारेकरी येईपर्यंत ती तशीच बसून होती. मग उठली, मला उचलून जागेवर ठेवलं. ओढलं नाही, उचललं, आवाज होऊ नये म्हणून.

त्यानंतर मला कुणी हलवलेलं नाही. उद्या-परवा भंगारवाला येणार आहे असं ऐकते. तो येवो. दालनात अजून दर बुधवारी रंगीत कागद चिकटतात, लवचीकपणाची भाषणं होतात, आणि जिन्यावरून जाताना लांब्या या बाजूला बघत नाही.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या कामाच्या जागी कुणी गप्प माणूस शेजारी रिकामी खुर्ची घेऊन बसलेला दिसला, तर तिच्यावर आपली पिशवी ठेवू नका. जाऊन बसा.