कुलपाआडची पूजा

शांताक्कानं दाराखालच्या फटीतून बोटं आत सरकवली आणि जमीन चाचपली. ओली होती. बोटं नाकाशी नेली तर विभूतीचा वास आला.

खोली सिद्धेश्वरची, तिच्या एकुलत्या एका पोराची. निजामाविरुद्ध लढायला तो तामलवाडीपलीकडं सरहद्दीवरच्या तळावर गेला, तेव्हापासून तिला कुलूप होतं. सुगीपासून त्याचा सांगावा नव्हता, आणि सुगीनंतरच आतून कुजबुज यायला लागली. कामाला येणारी सखूबाई तर घर सोडून गेली. पोरगं भूत होऊन परत आलंय, असं साऱ्या लोहारा गावात सांगून मोकळी झाली.

शांताक्काचा या भुतावर काडीचा विश्वास नव्हता. तिचा संशय सुनेवर होता. जगदेवी अलीकडं एकटीच हसायची आणि खोलीचा विषय निघाला की नजर चुकवायची. रझाकारांच्या भीतीनं नवरा लपून आलेला, बायकोनं त्याला मागच्या दारानं आत घेतलेला आणि आईला मात्र पत्ता नाही. या विचारानं शांताक्काच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण त्याच विचारावर तिला दोन घास जात होते.

"जगदे, परड्यातला बेल कोण तोडतंय?"

"म्या न्हाय, आत्याबाई." जगदेवी भाकरी थापत म्हणाली. "तुमालाच ठावं."

हे उलट उत्तर शांताक्काला झोंबलं. ती तडक परड्यातून वळसा घालून खोलीच्या मागच्या दाराशी गेली. दार नुसतंच लोटलेलं होतं.

आत तिचा नवरा गुंडप्पा बसला होता. सकाळी शेताला जातो म्हणून निघालेला माणूस. डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्यावर तो उजव्या हातानं पाणी सोडत पुटपुटत होता. तिला आधी रागच आला. पूजेला घरात दुसरी जागा नव्हती का?

मग तिला दिसलं, गुंडप्पाचं स्वतःचं लिंग त्याच्या गळ्यातच होतं.

लिंगायताच्या गळ्यात जन्मभर एकच लिंग असतं; जिवंतपणी तो ते दुसऱ्याच्या हाती देत नाही. मेल्यावर ते त्याच्याबरोबर मातीत जातं. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कवा?" तिनं विचारलं.

"सुगीत. तळावरचा माणूस शेतात येऊन देऊन गेला." गुंडप्पानं वर पाहिलं नाही. "देह घावला न्हाय. मातीत कुणासंगं ठिवू? अन् बिनपूजेचं तरी कसं ठिवू?"

"मला का न्हाय सांगितलं?"

"तू जेवत व्हतीस."

शांताक्का भिंतीला टेकून खाली बसली. तिला हंबरडा फोडायचा होता, पण भिंतीपलीकडं चूल होती आणि चुलीपाशी सून. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. बऱ्याच वेळानं उठली, डोळे पुसले आणि घरात आली.

जगदेवी परातीवरून उठून जवळ आली, अगदी हळू बोलली.

"आत्याबाई, तुमी त्यास्नी लपवलंय, ते मला कवाच कळलंय. म्या कुणापाशी बोलणार न्हाय. नुसतं येवढंच सांगा, बरे हाईत न्हवं?"

शांताक्कानं तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडं पाहिलं.

"बरा हाय," ती म्हणाली.

जगदेवी परत चुलीपाशी बसली आणि तिनं परातीत आणखी एका भाकरीचं पीठ घेतलं.