तेल पिणारी लाल गाडी

लॉकडाऊन उठल्यावर लेकीचं, निताचं लग्न झालं, त्याच साली हरिचंद पुण्यातली ड्रायव्हरकी सोडून हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ आपल्या तांड्यावर कायमचा राहायला आला. येताना एक लाल गाडी घेऊन आला. दोन दारांची, बसकी, बेडकासारखी भुईला चिकटलेली. त्याच्या साहेबांनी ती मोठ्या हौसेनं परदेशातून आणली होती. साहेबच देश सोडून गेले आणि जाताना गाडी हरिचंदच्या नावावर करून गेले.

तांड्याचे नाईक वसराम गाडीभोवती फिरून म्हणाले, "हरिचंद, गाडी अर्धीच आणली का रे? वरला मजला पुण्यातच राह्यला वाटतं."

बॉनेट उघडलं तर इंजिन शोधावं लागलं, इतकं ते लहान.

"ह्याच्यात पिस्टन न्हाई," हरिचंद सांगायचा. "तिकोनी लोखंड हाय. जात्यासारखं गरगर फिरतंय."

"अन् एवढं तेल काहून पितंय?" नाईक विचारायचे.

"तिकोनाच्या टोकाला पट्ट्या हायेत. त्याह्यला तेल पाहिजे. तेल सरलं की पट्ट्या गेल्या, अन् पट्ट्या गेल्या की इंजिन गेलं. बैलाला पाजतो तसं पाजायचं."

झालं. तेव्हापासून तांडा गाडीला हरिचंदचा बैल म्हणू लागला.

त्याची बायको भिकाबाई. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा हिंगोलीला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागे. आधी ती जीपनं जायची. एकदा परतीच्या वाटेवर, माणसांनी खचाखच भरलेल्या जीपमध्ये तिला चक्कर आली आणि सेनगावला तिला रस्त्याच्या कडेला निजवावं लागलं. त्या दिवसापासून हरिचंदनं तिला लाल गाडीतूनच न्यायला सुरुवात केली.

"एवढ्या खाली याडी बसल कशी?" त्यांचा मुलगा संतोष आईची काळजी करत म्हणाला होता.

"जल्मभर भुईवरच बसले की मी," भिकाबाई म्हणाली. "ही शीट म्हंजे भुईच, निस्ती मऊ हाय." येताना ती मागं रेलून घरापर्यंत झोपायची.

हरिचंदचे नेम ठरलेले होते. निघण्याआधी तेल बघायचं. गाडी गरम होईपर्यंत हळू न्यायची, मग सेनगावच्या पुढं सरळ रस्ता लागला की एकदा किंचाळेपर्यंत पळवायची, म्हणजे आतली काजळी उडून जाते. आणि एकदा चालू केली की पुरती गरम झाल्याशिवाय बंद करायची नाही.

संतोषला ही सगळी थेरं वाटायची. त्यात नांदेडचा गॅरेजवाला रणजीत त्याला भेटला. म्हणाला, "असली जुनी गाडी शोभेला ठेवायची. रोजच्या कामाला नाही चालत. कधी बसेल, भरवसा नाही. त्यापेक्षा बदल्यात माझी व्हॅन घ्या." संतोषला ते पटलं. घरात धुसफूस वाढली. शेवटी नाईकांसमोर हरिचंद म्हणाला, "हिच्यामुळं तुझ्या याडीची हिंगोलीची एक जरी खेप हुकली, तर खुशाल दे त्याला. मी तोंडातून शब्द काढणार न्हाई."

बोलून गेला खरा, पण त्या दिवसापासून निघण्याआधी तो तेल दोन-दोनदा बघू लागला.

सोयाबीन निघालं, त्या दिवसांतली गोष्ट. हिंगोलीच्या खेपेच्या दिवशी सकाळी हरिचंदनं चावी फिरवली. स्टार्टर नुसता भुरभुर फिरला. इंजिन चालू होईना. पेट्रोलचा वास मात्र भपकन आला.

नेमका त्याच सकाळी रणजीत व्हॅन दाखवायला आलेला. पांढरा शर्ट, हातात चहाचा कप. "मी बोललो नव्हतो?" तो म्हणाला. "कॉम्प्रेशन गेलं काका. खेळ खलास."

हरिचंदनं संतोषकडं पाहिलं. "काल गाडी कुणी हलवली?"

"मीच. सोयाबीन वाळू घालायचं व्हतं, अंगण पाहिजे व्हतं. जराशी सरकवली."

"गरम केली?"

"चार हात सरकवाया काय गरम करायची, बा? पेट्रोल काय फुकट येतंय?"

हरिचंदच्या ध्यानात आलं. थंड इंजिन लगेच बंद केलं, म्हणजे कच्च्या पेट्रोलनं पट्ट्यांवरचं तेल धुऊन नेलं, आणि तेलाशिवाय आत दाब धरत नाही.

"याडीला व्हॅनमधून नेतो," संतोष म्हणाला. आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता, नुसती घाई होती.

भिकाबाई उंबऱ्यावर तयार होऊन बसली होती. "थांब," ती म्हणाली. "शेजारच्या जनाबाईची शेळी चराया सुटंपर्यंत वेळ हाय मला. न्हाई चालू झाली तर बसते व्हॅनमंदी. मंग तुमी गाडी द्या ह्या दादाला."

हरिचंद कामाला लागला. आत नवं पेट्रोल येऊ नये म्हणून पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला. चारही प्लग काढले, ते भिजून चिंब होते. स्टार्टर मारून आतलं पेट्रोल बाहेर फेकलं. भिकाबाईनं प्लग उचलून हातानं झटकले, पदरानं पुसले आणि चुलीवरच्या तव्यावर ठेवले. चिमट्यानं भाकरीसारखे उलटे-पालटे केले.

"पहिल्यांदाच तुमच्या बैलाला जेवाया घालून राहिले," ती म्हणाली.

प्लगच्या भोकांतून हरिचंदनं चमच्यानं थोडं थोडं तेल सोडलं, गरम प्लग फडक्यात धरून बसवले, फ्यूज लावला. चावी फिरवली. टक् झालं आणि बॅटरी बसली.

मग वसराम नाईकांनी डोक्याचं पागोटं काढून ओसरीवर ठेवलं. "उतार कशाला दिला देवानं? या रे सगळे!"

तांडा धावला. बाया सोयाबीनवरून उठल्या. संतोषनं मागून खांदा लावला. रणजीतनं कप खाली ठेवला आणि तोही आला. गाडी उताराला लागली. हरिचंदनं दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. एक हिसका. दुसरा हिसका. गाडी खोकली, थुंकली, पुन्हा गप्प.

"ढकला अजून!" भिकाबाई वरून ओरडली.

तिसऱ्या हिसक्याला पांढऱ्या धुराचा लोट उठला. ढकलणारे दिसेनासे झाले, कोंबड्या कुंपणावर उडाल्या, आणि त्या धुरातून जातं फिरू लागलं. आधी अडखळत, मग एका लयीत. हरिचंदनं पाय दाबला तशी गाडी किंचाळली आणि अख्खा तांडा तिच्याबरोबर ओरडला. धुरातून रणजीत बाहेर आला. शर्ट काळा झाला होता, तोंडभर हसू होतं. "काका, तव्याची आच किती ठेवायची?" त्यानं विचारलं.

संतोषनं आईला उचलूनच सीटवर बसवलं. "बा, तेल बघितलं का?" तो म्हणाला आणि डबा आणायला स्वतःच पळाला.

सेनगावच्या पुढं गाडी अशी पळाली, की हिंगोलीत पोचले, तेव्हा मशीन अजून मोकळं व्हायचं होतं. "मावशी, आज लवकर?" सिस्टर म्हणाली. "बैल नवा हाय," भिकाबाई म्हणाली.

पुढं बाप-लेक आळीपाळीनं गाडी चालवू लागले. सेनगावच्या सरळ रस्त्यावर ती किंचाळली की भिकाबाई डोळे मिटून हसायची. गाडीमुळं तिची हिंगोलीची एकही खेप कधी हुकली नाही.

२०२५ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या सोमवारी, भिकाबाई राहत्या घरी झोपेत वारली.