नसलेल्या पायाचं विष

"बघा, बघा! उतरलं बघा!"

भिमाजी ओरडला तशी हॉलमधली सगळी माणसं टबावर वाकली. पिंपळे गुरवच्या त्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये रविवारच्या वंदनेलाही एवढी गर्दी कधी होत नसे. पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात भिमाजीचे दोन पाय आणि मशीनची वायर. पाणी आत्ताच तर नळावरून आणून ओतलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, वर फक्त चमचाभर 'मिनरल' घातलं होतं. बघता बघता त्याला पिवळी झाक आली, मग ते चहासारखं झालं, मग गटारासारखं. वर फेस, फेसात काळे कण.

"भिमाजीभाऊ, दारू सोडली ना तुम्ही?" पांढरा कोट घातलेल्या गणराज सरांनी विचारलं.

"लई वर्षं झाली, सर."

"तुम्ही सोडली हो, पण तिनं कुठं तुम्हाला सोडलंय? हा तपकिरी रंग लिव्हरचा. हे काळे कण किडनीचे. हा फेस पित्ताचा. सगळं तळव्यातून बाहेर!"

हशा पिकला. भिमाजी स्वतःच्या घाणीकडे असा कौतुकानं बघत होता, जणू पोरगं वर्गात पहिलं आलंय.

"चाकणला कंपनीत मशीनचं ऑइल बदलता की नाही?" सरांनी आवाज चढवला.

"बदलतो!" कामगारांचा घोळका एका सुरात म्हणाला.

"आणि ह्या मशीनचं?" सरांनी स्वतःच्या छातीवर थाप मारली. "जन्मल्यापासून तेच ऑइल! मग गिअरबॉक्स जाणार नाही तर काय होईल? आणि एक सांगतो. मी बाबा नाही. माझ्याकडे अंगारा नाही, लिंबू नाही, मंत्र नाही. हे विज्ञान आहे. तुम्ही बाबासाहेबांची माणसं, तुम्हाला अंधश्रद्धा चालत नाही, म्हणून तर मी आधी तुमच्याकडे आलो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात सगळ्यात मोठी टाळी साहेबरावांची होती.

साहेबराव विहार कमिटीचे अध्यक्ष. तळवड्याच्या एका प्लेटिंगच्या, धातूवर मुलामा चढवायच्या कारखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले. त्यांच्या वस्तीत रिक्षाला लिंबू-मिरची दिसायची नाही. अंगात आणणाऱ्या एका बाईला त्यांनी घागरभर गार पाणी ओतून शुद्धीवर आणलं होतं, तो किस्सा पोरंसोरंही सांगत. भस्म लावून कुणी आला असता तर साहेबरावांनी त्याला गेटावरूनच परत पाठवला असता. म्हणून बुवा भस्म लावून आलाच नाही. तो कोट घालून आला. हातात एक्स्टेन्शन बोर्ड आणि लाल आकडे पळणारं मशीन घेऊन आला. आणि साहेबरावांनी स्वतः त्याला प्लग कुठंय ते दाखवलं.

बाहेर ओट्यावर कुसुमताई बसल्या होत्या. त्या वस्तीतल्या सरकारी 'आशा' आरोग्यसेविका. साखर तपासायचं छोटं मशीन आणि दवाखान्यातून आणलेली पत्रकं समोर मांडलेली, पण तिकडे कुणी फिरकत नव्हतं. रक्ताचा एक थेंब मागणाऱ्या बाईपेक्षा बादलीभर विष काढून दाखवणारा माणूस कुणाला आवडणार नाही?

त्या उठून आत आल्या. "सर, एक विचारू का? पाय न घालता एकदा चालवून दाखवता?"

सर त्यांच्याकडे वळले. मग हसले. "ताई, तुमचं शिक्षण?"

"दहावी."

"मग समजेल असं सांगतो. करंट शरीरातून फिरायला लागतो. रिकामं चालवलं तर सर्किट जळतं. मशीन जर्मनीचं आहे, इथं दुरुस्त होत नाही. तुम्ही आपले पोलिओचे डोस पाजा."

पुन्हा हशा. साहेबरावांना अध्यक्ष म्हणून काहीतरी बोलणं भाग वाटलं. "कुसुमताई, शिबिरात खोडा घालू नका. हे विज्ञान आहे."

"विज्ञान आहे म्हणूनच विचारलं, भाऊ," असं म्हणून त्या ओट्यावर जाऊन बसल्या.

साहेबरावांनी हे सारं उगाच घडवून आणलं नव्हतं. त्यांच्या बायकोला, तानुबाईला, साखरेचा आजार जुना होता. तळवे आधी जळायचे, मग मुंग्या यायच्या, आणि अलीकडे तर चप्पल पायातून निसटली तरी तिला कळत नसे. ते बघून साहेबरावांचा जीव तुटायचा. अशात व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टबाचा व्हिडिओ आला. लाखो लोकांनी बघितलेला. एवढे लोक कसे फसतील?

"अवो, माझी गोळी बरी हाय," तानुबाई म्हणाली होती. "कुसुमताई सांगती, असल्या पायाला गरम पाणी लावायचं न्हाई. चटका बसला तरी कळत न्हाई म्हनं."

"कुसुमताई दहावी शिकलेली. हा माणूस वाकडला बसतो. मोठमोठे साहेबलोक येतात त्याच्याकडं."

"साहेबलोकांचे पाय येगळे आस्त्यात व्हय?"

पण ती टबात बसली, आणि सरांनी आखून दिलेल्या कोर्ससाठी बसतच राहिली. नवऱ्यानं अख्ख्या वस्तीसमोर बोलावून घेतलेला पाहुणा, त्याला नाही कसं म्हणायचं?

कोर्सचं पाणी सर तापवून घेत, कोमट म्हणत ते चांगलं गरम असे. तानुबाईच्या पायांनी तक्रार केली नाही, कारण तक्रार करायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. सर म्हणाले, गोळी म्हणजे विषावर विष, बंद करा. साहेबरावांनी गोळ्यांचा डबा कपाटात वर टाकून दिला. दर खेपेला टबातलं पाणी थोडं कमी काळं व्हायला लागलं. साहेबराव हरखले. "बघ, निम्मं तर निघालं!"

कुसुमताईंनी घरी येऊन साखर तपासली, तर आकडा बराच चढलेला. सरांकडे त्याचंही उत्तर तयार होतं: "विष निघताना आधी वर येतं." साखर उतरली तर टबाचा गुण, चढली तरी टबाचाच गुण. असा धंदा दुसऱ्या कुणाला जमला नसता.

मग उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ एक फोड आला आणि फुटला. अंगठा आधी लाल झाला, नंतर काळा पडला.

"उतरलं!" सर म्हणाले. "सगळं विष अंगठ्यात येऊन थांबलंय. आता घाबरून मधेच सोडू नका."

साहेबरावांनी सोडलं नाही. सोडवलं ते कुसुमताईंनीच. एका दुपारी त्या दारात आल्या, त्यांना कुजल्याचा वास आला, आणि त्यांनी थेट रिक्षा बोलावली.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या. पाय बघून आणि कुसुमताईंकडून टबाचं ऐकून त्यांनी विचारलं, "हा पाय तुम्ही कोमट पाण्यात बुडवत होतात? कुणाच्या सांगण्यावरून?" "आधी आणलं असतंत तर बोटावर भागलं असतं," त्या म्हणाल्या.

तानुबाईचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

एवढ्यानं शहाणपण आलं असेल असं वाटतं ना? वस्तीत बोललं गेलं ते भलतंच. "मावशीनं कोर्स अर्धवट सोडला." "डॉक्टर लोकांना कापायचंच असतं, भावा." आणि पुढच्या रविवारच्या शिबिराची सूचना विहाराच्या फळ्यावर लागली. साहेबराव आता अध्यक्ष राहिले नव्हते, घराबाहेरच पडत नव्हते. पण त्यांनी आणलेला माणूस त्यांच्याशिवाय छान चालला होता.

त्या रविवारी सकाळी तानुबाई म्हणाली, "मला विहारात न्या."

"कशाला?"

"कोर्स पुरा करायचाय."

चाकाची खुर्ची हॉलमध्ये शिरली तेव्हा रांग आपोआप फाकली. भिमाजीनं मान खाली घातली. गणराज सरांचं हसू जरा हललं, पण पडलं नाही.

"मावशी! बघितलंत ना इस्पितळाचे प्रताप? माझं ऐकलं असतंत तर..."

"ऐकलं म्हनूनच आलेय. ऱ्हायलेला कोर्स घ्यायचाय. त्याच पायाचा."

"मावशी, तो पाय तर..."

"न्हाई तो. म्हाईत हाय मला. पर इष त्यातच व्हतं न्हवं? अंगठ्यात येऊन बसलंय म्हनला व्हता." तिनं लुगड्याचा काठ वर घेतला आणि पट्टी बांधलेला खुंट मिनरल घालून तयार ठेवलेल्या टबाच्या वर, पाण्याला लागणार नाही असा धरला. "लावा."



"रिकामं चालत नाही, मावशी. मशीन जळेल."

"जळू द्या. माझा पाय गेला, तुमचं मशीन जाऊ द्या."

सर वायरीकडे वळले. तेवढ्यात भिमाजीनं त्यांचं मनगट धरलं. "थांबा की, सर. बघू द्या." आणि साहेबरावांनी पुढे होऊन बटण दाबलं, तेच बटण जे त्यांनी इतक्या वेळा आनंदानं दाबलं होतं.

मशीन जळलं नाही. लाल आकडे पळायला लागले. स्वच्छ पाण्याला पिवळी झाक आली. मग ते चहासारखं झालं. मग गटारासारखं. वर फेस, फेसात काळे कण.

"ह्ये कुनाचं?" तानुबाईनं विचारलं. "सांगा की, सर. लिव्हरचं का किडनीचं?"

या खेपेला कुणी हसलं नाही.

साहेबरावांनी बटण बंद केलं, प्लग काढला आणि बाही वर करून टबात हात घातला. पाय जिथं ठेवायचे त्याच्यामागे एक जाळीचा डबा होता. तो त्यांनी बाहेर काढला, उघडला. आत दोन लोखंडी पट्ट्या होत्या. एक बऱ्यापैकी शाबूत. दुसरी खाऊन खाऊन पापुद्र्यासारखी झालेली, बोट लावलं तर तुकडा पडला.

ते तिच्याकडे बघतच राहिले. अशा पट्ट्या आयुष्यभर त्यांच्या हातातून गेल्या होत्या. टाकीत पाणी, पाण्यात क्षार, धातूच्या दोन पट्ट्या, त्यांना एकाच दिशेनं सोडलेला करंट. एक पट्टी झिजते आणि पाण्यात उतरते. कारखान्यातली टाकी असती तर त्यांनी झोपेतही ओळखली असती. इथं ती पांढऱ्या टबात होती, आणि तिच्याशेजारी कोट उभा होता.

"गंज आहे हा," ते म्हणाले. पट्टी त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "ऐका. हे विष नाही. लोखंडाचा गंज आहे. हा माणूस मिनरल म्हणून टाकतो ते मीठ. मिठाच्या पाण्यात लोखंडाला करंट दिला की एक पट्टी विरघळते, पाणी तपकिरी होतं, फेस येतो. मीठ कमी टाकलं की रंग कमी. म्हणून तानूचं पाणी दर खेपेला निवळत होतं. पाय घाला, मुळा घाला, काही घालू नका. पाणी काळं होणारच."

"पण लोकांना बरं तर वाटत होतं ना!" सर ओरडले.

"मलाबी बरं वाटत व्हतं," तानुबाई म्हणाली. "पाय कुजत व्हता तवाबी बरंच वाटत व्हतं."

मागून कुणीतरी हळूच विचारलं, "सर, मग आमची राहिलेली सिटिंग?" साहेबरावांना त्या माणसाचा राग आला नाही. काही दिवसांपूर्वी त्यांनीही हेच विचारलं असतं.

कुसुमताईंनी महापालिकेच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर आले, त्यांनी पोलिसांना बोलावलं, तक्रार नोंदली गेली. सर आता कोर्टाच्या तारखांना जातात म्हणे. तसलाच व्हिडिओ मात्र ग्रुपवर पुन्हा फिरतोय. कोट तोच, नाव दुसरं, टब निळा.

म्हणून दर रविवारी वंदना झाली की कुसुमताई साखरेचं मशीन घेऊन बसतात, आता ओट्यावर नाही, हॉलच्या मधोमध. आणि साहेबराव एक साधा टब मांडतात. त्यात नळाचं पाणी, मूठभर मीठ, दोन पट्ट्या, बॅटरी. पाणी काळं होईपर्यंत ते बोलत राहतात.

"गोळी बंद करा म्हणणारा कुणीही असो, आधी दवाखान्यात जाऊन विचारा. व्हिडिओ किती जणांनी बघितला ते बघू नका. बोलणारा डॉक्टर म्हणून नोंदलेला आहे का, ते बघा. जो शंभर रोगांवर एकच उपाय सांगतो, त्याला एकही रोग कळत नाही. लिंबू नाकारलं म्हणजे आपण शहाणे झालो असं मी समजत होतो. शहाणा माणूस विचारतो, पाय न घालता चालवून दाखव. आपल्यातल्या एका बाईनं हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तिला मी गप्प केलं."

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज दरवेळी खाली जातो. घरी तानुबाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. इथं मात्र ती खुर्चीतून मान वर करते.

"जोरात सांगा," ती म्हणते. "मागच्यांना ऐकू येत न्हाई."