बिनफोटोचा पाहुणा

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो, आणि सध्या माझा मुक्काम चर्चच्या ऑफिसातल्या सगळ्यात खालच्या खणात आहे. शेजारी मेणबत्त्यांचे तुकडे, एक मोडका स्टेपलर आणि कोणाचा तरी विसरलेला चष्मा. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे. बॅटरी फुगून पाठ वर आली आहे. वय झालं, चालायचंच! पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि ती तुम्ही नीट ऐका, कारण तुमच्या प्रत्येकाच्या घरात माझे भाऊबंद आहेत.

एका मोठ्या कारखान्यात, हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. माझी पहिली मालकीण दातांची डॉक्टर होती. दोन वर्षं मी लोकांच्या किडक्या दाढांचे फोटो काढले. त्याबद्दल न बोललेलंच बरं. मग डॉक्टरबाईंनी नवा फोन घेतला आणि मला चर्चला देऊन टाकलं.

तिथे मी घड्याळकाकांच्या ताब्यात आलो. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. हात असा स्थिर की केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरला तरी हलायचा नाही. म्हणून चर्चचं पेज आणि कॅमेरा त्यांच्याकडे सोपवलेला होता. पाळकसाहेबांनी कुठल्याशा शिबिरातून एक छापील कागद आणून ऑफिसच्या भिंतीवर लावला होता. चर्चने सोशल मीडियावरून लोकांशी कसं जोडून घ्यावं, ते त्यात लिहिलं होतं. हसरे चेहरे दाखवा. मुलांना पुढे आणा. प्रत्येकाला तासाभरात उत्तर द्या. कोणालाही परकं वाटू देऊ नका. चार्जिंगला लावलं की तो कागद माझ्या समोरच असायचा. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त एक वाक्य त्यात नव्हतं, पण तेव्हा ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

काय दिवस होते ते! रविवारी सकाळी नऊ वाजता काका मला स्टँडवर बसवायचे, रुमालाने माझी काच पुसायचे आणि उपासना घरोघरी पोचायची. रुग्णालयातल्या परिचारिका चहाच्या सुट्टीत बघायच्या. एकदा तातडीने रक्त हवं होतं, तर माझ्यावरून टाकलेल्या एका ओळीवर अकरा माणसं धावली. आणि पलंगावरच्या आजी होत्या. एके काळच्या मुख्याध्यापिका. कंबरेचं हाड मोडल्यापासून सहा वर्षं अंथरुणावर. सूनबाई टॅबलेट आठवडाभर कामावर न्यायच्या, तो आजींना रविवारीच मिळायचा, आणि मग आजी पेजवर लिहून लिहून आठवड्याची कसर भरून काढायच्या. 'पाळकसाहेब, चष्मा पुसा.' 'पेटीवाल्या, घाई करू नकोस.' काका हसून म्हणायचे, "आजी घरी बसून वर्ग घेतात!" मला मात्र आजी आवडायच्या.

मग ती शिवणकाम करणारी ताई आली. बरोबर सात वर्षांची लेक. चर्चच्या मागच्या खोलीत ती गायकांचे झगे शिवायची, उसवलेले पडदे नीट करायची. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट सरळ होत नसे. उपासनेत ती नेहमी खांबाआड बसायची. एकदा ऑफिसात ती पाळकबाईंशी बोलत होती आणि मी शेजारी चार्जिंगला होतो.

"हे बोट त्यानेच मोडलं. पोरीच्या बापाने," ती म्हणाली. "शोधत असेल तो आम्हाला. म्हणून मी फोनसुद्धा ठेवलेला नाही. आमचा फोटो कुठे टाकू नका, एवढंच करा."

"अगं, काळजी करू नकोस. ह्या कानाचं त्या कानाला कळणार नाही," पाळकबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी शब्द पाळला, मित्रांनो. नवऱ्याला, पाळकसाहेबांनासुद्धा सांगितलं नाही. आणि ज्याच्या हातात कॅमेरा होता, त्या घड्याळकाकांनाही सांगितलं नाही. घात झाला तो इथेच. मला सगळं माहीत होतं, पण मला कोण विचारतो?

एका रविवारी ताई तापाने फणफणली. पाळकबाई तिच्या उशाशी बसल्या आणि शेजारच्या काकू मुलीला उपासनेला घेऊन आल्या. नेमका त्याच दिवशी गाणाऱ्या मुलीचा घसा बसला. "मी म्हणू?" ताईची पोर म्हणाली, आणि पुढे येऊन उभी राहिली. काय गायली ती! काकांनी मला तिच्याजवळ नेलं, अगदी तिच्या पडलेल्या दाताची फट दिसेल इतकं जवळ. 'काका, नको, मागे घ्या,' असं ओरडावंसं वाटलं, पण आपल्याला आवाज कुठला? दुपारी काकांनी ते गाणं पेजवर लावलं आणि खाली लिहिलं, 'आमच्या चर्चची छोटी कोकिळा.'

सोमवारी त्या गाण्याखाली एकाने लिहिलं. नाव होतं 'एक भाऊ'. फोटोच्या जागी नुसता राखाडी गोल.

'सुंदर आवाज. मुलगी कोणाची?'

काकांनी तासाभरात उत्तर दिलं. 'शिवणकाम करणाऱ्या आमच्या ताईंची. नुकत्याच आल्या आहेत.'

मंगळवारी त्याने विचारलं, 'आईपण येते का?' बुधवारी, 'मुलांचा वर्ग कुठे असतो?' गुरुवारी, 'वर्गाला वेगळं दार आहे का?' काका दुकानात एका डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडायचे, मध्येच मला हातात घ्यायचे आणि मन लावून उत्तर लिहायचे. मोठ्या दाराच्या डावीकडची खोली. वर्ग साडेनऊला. शुक्रवारी त्याने लिहिलं, 'ह्या रविवारी येतो. तिला सांगू नका, खाऊ आणणार आहे.' काकांनी उत्तर दिलं, 'या, या! आम्ही वाट बघतो.' मी तापलो, मधेच बंद पडलो. काकांनी मला पुन्हा चालू केलं आणि उत्तर पाठवलं. असं मला कधीच वाटलं नव्हतं, की माझ्याच अंगावरून कोणी इतक्या गोडीने असं काही विचारत जाईल.

रविवार उजाडला. साडेनऊला मुलं वर्गात गेली. उपासनेत मूक प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि त्या शांततेत मी वाजलो. खणखणून वाजलो! काका मला दर रविवारी मुका करायचे. त्या दिवशी माझं बटण नीट बसलं नव्हतं. ते जुनं झालं होतं म्हणून, की दुसरं काही, ते मी सांगणार नाही. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी कॉल कापला. मी पुन्हा वाजलो. त्यांनी पुन्हा कापला. तिसऱ्या वेळी पाळकसाहेबांनीच एक डोळा उघडून पाहिलं, तेव्हा काका मला घेऊन भिंतीशी सरकले आणि त्यांनी कॉल घेतला.

"घड्याळवाल्या, मी आत्ता त्या गाण्याखालचं सगळं वाचलं," पलंगावरच्या आजी धापा टाकत म्हणाल्या. "त्या माणसाने आठवडाभर विचारलं, पण देवाबद्दल एकदाही नाही! नुसती ती पोर, तिची आई आणि दार. कोण आहे तो?"

काकांनी मान वर केली. मोठ्या दाराशी कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उभा होता. काखेत रिबिन लावलेला खोका. दाराशी स्वागताला उभे असलेले आजोबा त्याचा हात हातात घेऊन म्हणत होते, "तुम्हीच ते भाऊ का? अरे वा!" माणूस हसत होता. त्याचे डोळे मात्र डावीकडच्या खोलीकडे होते.

खांबाआड ताईने त्याला पाहिलं. ती ओरडली नाही. खाली बसली, बाकाखाली सरकली आणि तोंडावर हात दाबून घेतला. ते काकांनी पाहिलं आणि त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"त्याला मधल्या बाकावर बसव," आजी कानात सांगत होत्या. "दोन्हीकडून माणसं बसव. सगळ्यात लांब गाणं लाव. पोरीला मागून काढ."

मग आदरातिथ्य असं झालं की विचारू नका! त्याला दोन धिप्पाड काकूंच्या मध्ये बसवलं, हातात गीतांचं पुस्तक दिलं, आणि पेटी सुरू झाली. सातही कडवी. सगळे उभे राहून मनापासून गात होते, आपण काय अडवून धरलंय याची बहुतेकांना कल्पनाच नव्हती. तोही ओठ हलवत होता. पाचव्या कडव्याला त्याने पुस्तक मिटलं.

तोवर मागच्या खोलीत ताईने लेकीला उराशी धरलं होतं. डॉक्टरबाईंची गाडी मागच्या दाराशी आली. पाळकबाई रडत होत्या. ताईने काकांकडे पाहिलं.

"काका, तिचं गाणं पुसून टाका."

काकांनी बोट टेकलं. पहिल्यांदाच त्यांचा नेम चुकला, त्यांनी ते पुन्हा टेकलं.

"गेलं?" तिने विचारलं.

"गेलं, बाळा," काका म्हणाले.

गेलं नव्हतं, मित्रांनो. तीनशे बारा जणांनी ते पाहिलं होतं, एकोणीस जणांनी पुढे पाठवलं होतं. ते मला दिसत होतं, आणि काकांनाही. गाडी निघून गेली तेव्हा आत सातवं कडवं अजून चालूच होतं. कुठे गेली ते मला ठाऊक नाही, आणि कोणी मला सांगूही नये.

आता स्टँडवर नवा फोन आहे. त्याचं तोंड फक्त वेदीकडे असतं. भिंतीवरच्या कागदाखाली काकांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे: 'आधी विचारा.' पाळकसाहेब ती दर महिन्याला मोठ्याने वाचून दाखवतात. ताईची कात्री अजून मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे, तिला कोणी हात लावत नाही.

तेव्हा मित्रांनो, कोणाचाही फोटो काढण्याआधी विचारा. तो 'नको' म्हणाला, तर 'का' म्हणून विचारू नका. आम्हा फोनना जपा, पण आमच्यापासून एकमेकांना त्याहून जास्त जपा. काल काका नव्या फोनला चार्जिंगला लावताना पाळकबाईंना हळूच सांगत होते, आणि खण अर्धा उघडा असल्याने मी ते ऐकलं. रविवारी नऊला उपासना सुरू झाली की पेजवर सगळ्यात आधी एकच जण येऊन बसतो. फोटोच्या जागी राखाडी गोल. आता तो काही विचारत नाही, नुसता बघत असतो.