घेतलेला श्वास

थर्मन पेटवेने गाडीच्या इंजिनावरचा विंग नट सोडवला आणि हवा गाळणाऱ्या एअर क्लीनरचं गोल झाकण दोन्ही हातांनी अलगद उचललं. चर्चचा डीकन, म्हणजे रेव्हरंडचा मदतनीस, म्हणून प्रभुभोजनाच्या ताटावरचं झाकण तो गेली तीस वर्षं असंच उचलत आला होता. हातांना दुसरी रीत ठाऊक नव्हती.

“उंदराचं घरटं आहे का बघ,” मडगार्डवर कोपरं टेकून रॉयल टोलबर्ट म्हणाला. गॅरेज त्याचं होतं, आणि थर्मनची थट्टा करायचा हक्क शाळेपासूनचा.

“काही नाही. फिल्टरसुद्धा स्वच्छ आहे.”

“मग शीळ कुठून येते म्हणतोस?”

“इथूनच.” थर्मनने डब्याच्या पुढे आलेल्या सोंडेवर बोट ठेवलं. “ॲक्सिलरेटरवर पाय पुरता दाबला की.”

“डीकन, काल मी तुझ्या शेजारी बसून टॅबर टेकडी चढलो. मला शीळ नाही की सूर नाही. सगळी गॅस्केटं तपासली, हवा कुठूनही चोरून आत शिरत नाही. एकदा कान धुऊन ये. ते काम जास्त सोपं आहे.”

थर्मन हसला नाही. त्याने झाकण पालथं करून बाकावर ठेवलं आणि हात पुसत राहिला, हात स्वच्छ झाले तरी.

शीळ नव्हतीच ती. यंत्राला शीळ असू शकते, म्हणून रॉयलला त्याने शीळ सांगितलं होतं. तो श्वास होता. तोंडाने ओढून घेतलेला, लांब, आणि शेवटी पुढच्या दोन दातांमधल्या फटीतून बारीक वाजणारा. ती फट थर्मनच्या थोरल्या भावाच्या तोंडात होती, आणि भाऊ अकरा महिन्यांपूर्वी मातीत गेला होता.

गाडी भावाचीच. एकाहत्तर सालची ब्युइक, गडद हिरवी, मोठ्या इंजिनाची. रेव्हरंड एल्ड्रिज पेटवेने तिला कारखान्यातून आली तशी राखली होती. बदल म्हणाल तर एकच: त्याने रेडिओ काढून त्या भोकावर पत्रा ठोकला होता. देवाने दिलेला आवाज असताना विकतचा कशाला, असं तो म्हणायचा. दफन झाल्यावर आठवड्याने वहिनीने, आयडेलाने, किल्ली थर्मनच्या हातात ठेवली. “उभी ठेवू नको. चालव,” एवढंच ती बोलली होती.

त्यानंतर आयडेला चर्चची पायरी चढली नव्हती. येत्या रविवारी सायप्रस फोर्कच्या चर्चचा वर्धापनदिन होता. भिंतीवर एल्ड्रिजची तसबीर लागणार होती आणि वहिनीने निरोप पाठवला होता: येईन, पण ब्युइकमधूनच येईन. वाट टॅबर टेकडीवरून जात होती. तिच्या नवऱ्याचा श्वास तिच्या कानांवर पडता कामा नये, एवढंच थर्मनला हवं होतं, आणि हातात दोन दिवस होते.

“बदलूनच टाकू सगळं,” तो म्हणाला. “काय काय आहे तुझ्याकडे?”

रॉयलने फळीवरून दोन खोकी काढली. एकात उघडा गोल फिल्टर होता, वर चकचकीत झाकण, बाजूंना काही आडोसा नाही. दुसऱ्यात बंद डबा आणि मनगटाएवढी जाड नळी. ती पुढच्या जाळीपर्यंत न्यायची, म्हणजे बाहेरची गार हवा थेट आत.

“हा उघडा दिसायला झकास,” रॉयल म्हणाला, “पण इंजिनाजवळची तापलेली हवाच पिणार. ही नळी शहाणी. मात्र एक सांगतो, रागावू नकोस. तुझं बाकी सगळं जुनं आहे. सायलेन्सर जुने, पाइप अरुंद. तू कितीही हवा आत घे, बाहेर पडायला वाट तेवढीच. फार फरक पडायचा नाही.”

“फरक नकोच आहे. आवाज बदलायला हवा.”

रॉयलने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पान्याची पेटी पुढे सरकवली.

शुक्रवारची दुपार होती. ऑक्टोबरचं ऊन कापसाच्या शेतांवर पसरलं होतं आणि रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. थर्मन उघडा फिल्टर लावून एकटाच निघाला. पायथ्याशी त्याने पाय दाबला. ब्युइक गर्जली. जुन्या डब्यात दबलेला सगळा आवाज मोकळा सुटला आणि थर्मनला वाटलं, सुटलो. मग त्या गर्जनेच्या पोटातून श्वास आला. पूर्वी तो उजव्या गुडघ्यापाशी, गाडीच्या मधोमध यायचा. आता चारी बाजूंनी आला, दारांतून, छतातून, मागच्या रिकाम्या सीटवरून, जणू भरलेल्या चर्चने एकदम ऊर भरून घेतला. थर्मनने झटकन पाय काढला. श्वास अर्ध्यावर तुटला.

दुसऱ्या फेरीला नळी होती. इंजिन थंड हवेने खूश होतं, चढ लोण्यासारखा कापत होतं. श्वास या वेळी गाडीत आलाच नाही. तो पुढून आला. बोनेटच्या पुढे, वीसेक हातांवर, मोकळ्या रस्त्यावर कुणी पाठमोरं उभं राहून श्वास घ्यावा तसा. थर्मनने पाय काढला, ब्रेकही दाबला. गाडी थांबली. रस्त्यावर उन्हाखेरीज काही नव्हतं. तरी तो बराच वेळ पुढे गेला नाही. शेवटी तिथूनच गाडी वळवून परतला.

“कसं काय?” रॉयलने विचारलं.

“इंजिन चांगलं चालतंय.”

“आणि शीळ?”

थर्मनने बोनेट उघडलं.

शनिवारी सकाळी तो जुना डबा, उघडा फिल्टर आणि नळी अशा तिन्ही वस्तू बाकावर मांडून बसला होता, तेव्हा दारात सावली पडली. आयडेला आली होती, हातात रुमालाने झाकलेली रताळ्याची गोड पाई. सत्तरीची बाई, पण ताठ. मंडळींच्या पहिल्या बाकावर बसून बसून पाठ तशीच राहिलेली.

“रॉयल, ही आत नेऊन काप. आणि सगळी एकटा खाऊ नको.”

“तुमच्यासमोर मी कधी खोटं बोललोय का, सिस्टर आयडेला?”

“माझ्यामागे बोलतोस. जा.”

तो गेल्यावर ती बाकापाशी आली. तिने तिन्ही वस्तूंवरून नजर फिरवली आणि उघड्या फिल्टरवर बोट टेकवलं.

“हा लावलास की तो कुठून येतो?”

थर्मनच्या हातातला पाना हातातच राहिला.

“कोण, वहिनी?”

“माझी पडवी टेकडीसमोर आहे, थर्मन. अकरा महिने ऐकतेय. तू चढावर येतोस, तो श्वास घेतो, आणि तू पाय काढतोस. दर वेळी.” तिचा आवाज भाजी निवडताना बोलावं तसा होता. “कुठून येतो, सांग.”

थर्मन खाली बसला. म्हणाला, “हा लावला की चहूकडून.”

“नको. जन्मभर तो सगळ्यांचाच होता.” तिने बोट नळीवर नेलं. “आणि ही नळी?”

“पुढून. रस्त्यावरून.”

आयडेलाने नळीवरचं बोट उचललं. “पुढून तर मुळीच नको. निघून चालल्यासारखं वाटेल.” मग तिने जुना, काळा, सोंडेचा डबा दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला. “आणि हा?”

“गुडघ्यापाशी. आपल्या दोघांच्या मध्ये.”

“हाच लाव,” ती म्हणाली. “उद्या नऊला ये. टाय नीट बांध, गेल्या वर्षी वाकडा होता.”

रविवारी ती निळी टोपी घालून, हातमोजे चढवून पडवीत उभीच होती. थर्मनने दार उघडून धरलं. दोघं निघाले. टेकडीच्या अलीकडे ‘थांबा’ अशी पाटी आहे. तिथे गाडी उभी केल्यावर थर्मनने पुन्हा गिअर टाकलाच नाही.

“वहिनी, एक सांगायचं राहिलंय.”

ती समोर बघत होती.

सायप्रस फोर्कला प्रवचन नुसतं बोलून संपवायची चाल नाही. आधी साधं बोलणं असतं; मग शब्दांना सूर सापडतो, आणि पुढचं सगळं गाणं होतं. दर ओळीशेवटी प्रवचनकार श्वास घेतो आणि त्या श्वासाच्या जागेत मंडळी ओळ झेलतात. डीकनांच्या बाकावरून पहिलं उत्तर यायचं ते थर्मनचं: सावकाश, रेव्हरंड, घाई नाही. झेल मिळाला की पुढची ओळ एक पायरी वर चढते. न मिळाला तर भल्याभल्यांना खाली उतरावं लागतं, साध्या बोलण्यावर यावं लागतं. एल्ड्रिजला एकतीस वर्षांत तसं उतरावं लागलं नव्हतं. त्या ओळी ऐकताना आपले पाय जमिनीवर आहेत हे म्हाताऱ्या माणसांनाही आठवत नसे.

“डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, बोला पण गाऊ नका,” थर्मन स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. “त्या शेवटच्या रविवारी तो सुरात चढायला लागला तसा मी तोंड मिटून घेतलं. मुद्दाम. म्हटलं, उत्तर नाही मिळालं की उतरेल खाली. मी बोललो नाही म्हणून शेजारचे डीकनही बोलले नाहीत. त्याने श्वास घेतला आणि माझ्याकडे बघत थांबला. थांबूनच राहिला, वहिनी. तो श्वास बाहेर आलाच नाही.”

मागून एक ट्रक आला, क्षणभर थांबला, आणि भोंगा न वाजवता वळसा घालून पुढे गेला.

“आधी तुझ्याकडे बघितलं,” आयडेला म्हणाली. “मग माझ्याकडे.”

थर्मनने मान वळवली.

“मीही ओठ मिटून बसले होते. डॉक्टरांचं मलाही ठाऊक होतं.” तिने उजव्या हाताचा मोजा बोटाबोटाने काढला आणि मांडीवर नीट घडी घातली. “तुला सांगायची हिंमत झाली नाही. चल आता. उशीर होतोय.”

चढ सुरू झाला. थर्मनने पाय दाबला. ब्युइकने पुढचं तोंड उचललं, पायाखालचा पत्रा थरथरला, आणि गुडघ्यापाशी, दोघांच्या मध्ये, श्वास सुरू झाला. लांब. ओढलेला. थर्मनचा पाय आपोआप सैल पडू लागला.

“पाय काढू नको.”

त्याने काढला नाही. श्वास आजवर जिथे तुटायचा ती जागा मागे पडली. तो अजून आतच जात होता, इतका लांब की कुठल्याही छातीत मावू नये. शेवटी दातांच्या फटीत बारीक वाजून तो थांबला. इंजिन चालू होतं, टायर फिरत होते, वेगाचा काटा पुढे सरकत होता; पण गाडीत असं सामसूम झालं की थर्मनला स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं. कुणीतरी थांबलं होतं. वाट बघत होतं.

आयडेलाने मोजा काढलेला हात पुढे करून डॅशबोर्डवर, त्या ठोकलेल्या पत्र्यावर ठेवला, आजाऱ्याच्या छातीवर ठेवावा तसा.

“सावकाश, रेव्हरंड,” ती म्हणाली.

“घाई नाही,” थर्मन म्हणाला. “घाई नाही, भाऊ. आम्ही आहोत.”

माथा जवळ येत होता. थर्मनने पाय काढला नाही.

चर्चच्या आवारात शिरताना गाडीचा आवाज नुसता गाडीचा होता. रॉयल पायऱ्यांखाली, टोपी हातात धरून, लोकांचं स्वागत करायला उभा होता. तो पुढे झाला आणि आयडेलाच्या बाजूचं दार उघडलं. मग वाकून आत बघितलं, पत्रा ठोकलेल्या जागेकडे, आणि तसाच वाकलेला राहिला.

“डीकन, रेडिओ कधी बसवलास?”

“नाही बसवला.”

“मग टेकडी उतरताना ते काय लावलं होतं? इथपर्यंत ऐकू येत होतं.”

आयडेला बाहेर उतरली. टोपी सारखी केली, मांडीवरून उचललेला मोजा बोटाबोटाने पुन्हा चढवला.

“कुठलं गाणं होतं, रॉयल?”

“गाणं नव्हतं, सिस्टर,” रॉयल म्हणाला. तो अजून गाडीकडेच बघत होता. “प्रवचन होतं. माझ्या कानांवर शेवटची ओळ तेवढी आली.”

ती काय होती हे तिने विचारलं नाही. तिने थर्मनचा हात धरला, आणि दोघं पायऱ्या चढू लागले.