पोर्ट हॅलरची दहा यार्डांची साखळी

उणे वीस अंश तापमानात माझी लांबी उन्हाळ्यातल्यापेक्षा सुमारे साडेचार मिलिमीटरने कमी भरते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. क्लिफर्ड ट्रेम्बाथला मात्र तो ठाऊक होता. पोर्ट हॅलरच्या तळ्याकाठच्या बंदरावर लोहखनिज तोलणाऱ्या वजनकाट्यावर त्याने एकतीस वर्षं काढली होती, आणि मोजमापात तो कुणालाही सवलत देत नसे.

मित्रांनो, मी घडीव लोखंडाची एक जुनी साखळी आहे. माझ्या दोन्ही टोकांना एकेक काठी आहे आणि त्या दोन काठ्यांमध्ये दहा यार्डांचं अंतर. आमच्या फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत बॉल हातात घेऊन दहा यार्ड पुढे न्यावा लागतो. नेला तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर बॉल समोरच्या संघाकडे जातो. नजरेने निवाडा होईना, की मला मैदानात बोलावतात. ऐंशी हजार डोळे माझ्यावर खिळतात, आणि मी ताठ होते.

माझा जन्म १९२१ चा. मॅटी केस्टिला नावाच्या लोहाराने मला बंदरावरच्या भट्टीत घडवलं. त्याच वर्षी बंदरातल्या हमालांनी आपला संघ काढला आणि त्याचं नाव ‘डॉकर्स’ ठेवलं. खेळाडू सकाळी बोटींत लोहखनिज भरत आणि दुपारी खेळत. अंगावरची लाल धूळ धुवायला त्यांना वेळ नसे, म्हणून संघाचा रंगही लालच ठरला. मोठ्या शहरांचे संघ यायचे, हसायचे आणि बऱ्याचदा हरून जायचे. १९३६ मध्ये आम्ही अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा गावाने मला खांद्यांवर घेऊन मिरवलं होतं.

कौतुक मात्र फार टिकत नाही. १९४९ मध्ये नवी, चकचकीत साखळी आली आणि मी गुदामात चुन्याच्या पोत्यांखाली गेले. पाच वर्षं मी तिथे गंजत पडले. मग एका डिसेंबरात, भर सामन्यात, थंडीने ती नवी साखळी काचेसारखी तुटली. ट्रेम्बाथने धावत जाऊन मला बाहेर काढलं. त्या हिवाळ्यात त्याने माझी एकेक कडी रॉकेलने पुसून तिला जवसाचं तेल लावलं.

मला धरायचं काम गावातल्याच माणसांचं. पुढची काठी बेकरीवाला स्टॅश वॉयतोविच धरी आणि मागची ट्रेम्बाथ. काठ्या हलल्या तरी माप चुकू नये म्हणून, मैदानावरच्या ठरलेल्या रेषेशी येणाऱ्या माझ्या कडीला एक चिमटा लावतात. ट्रेम्बाथ त्याच कडीला लाल लोकरीचा धागाही बांधायचा. नियमात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

“साखळीला स्वेटर विणतोयस का रे, क्लिफ?” स्टॅश चिडवायचा.

“तुझे पाव मोजून बघितलेत मी. तू गप्प बस.”

१९५७ साली आम्ही पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचलो. सामना आमच्याच मैदानावर होता. पण गावाला धास्ती वेगळीच होती. संघाची मालकी आता मॅटीची मुलगी मिस ऑगस्टा केस्टिला हिच्याकडे होती. वय एकाहत्तर, पाठीशी कुणी नाही. दक्षिणेतल्या एका उबदार शहरातले एक गृहस्थ तीन वर्षं तिच्या मागे लागले होते : संघ विका, आम्ही तो आमच्याकडे नेतो, सत्तर हजार खुर्च्यांचं मैदान तयार आहे. “हंगाम संपू दे, मग बघू,” असं म्हणत ती दर वर्षी टाळत आली होती. आता हा हंगाम संपायला एकच सामना उरला होता, आणि ते गृहस्थ विक्रीचे कागद घेऊन तिच्याशेजारी बसले होते.

त्या सकाळी गाव फावडी घेऊन आलं आणि दुपारपर्यंत खुर्च्यांवरचा बर्फ साफ झाला. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा आम्ही १३–१० ने पुढे होतो. बॉल आमच्याकडे, प्रयत्न चौथा. दहा यार्ड पूर्ण झाले, तर उरलेला वेळ सहज निघून जाणार होता. खेळाडूंचा ढीग उठला आणि रेफरीने मला बोलावलं.

चिमटा रेषेवर टेकला आणि स्टॅशने मला ताणलं. बॉलचं नाक काठीच्या बोटभर पुढे होतं. गर्दीने एकच जल्लोष केला.

“थांबा!” ट्रेम्बाथ ओरडला. तो गुडघ्यांवर बसला होता. “चिमटा एक कडी पुढे सरकलाय. धागा बघा, इथे आहे.”

स्टॅश दातओठ खात पुटपुटला, “क्लिफ, अरे येड्या, आपलंच माप आहे हे!”

“माप कुणाचंही नसतं, स्टॅश. ओढ परत.”

माझी एक कडी पाच सेंटीमीटरची. पुन्हा ताणलं, तर बॉल तीन सेंटीमीटर कमी पडला. रेफरीने बॉल पाहुण्यांना दिला. चाळीस हजार माणसांतून कुणीतरी ट्रेम्बाथला एक सणसणीत शिवी हासडली.

पाहुणे यार्डायार्डाने पुढे सरकत आले. चौदा सेकंद उरले असताना त्यांचाही चौथा प्रयत्न आला, पुन्हा ढीग झाला, पुन्हा मला बोलावलं. ट्रेम्बाथने धागा पाहिला, चिमटा पाहिला, मान डोलावली. स्टॅशने मला ताणलं. बॉल एक वीत मागे होता.

रेफरीने पाहुण्यांच्या कर्णधाराला विचारलं, “काही तक्रार?”

तो धापा टाकत म्हणाला, “मघाशी या म्हाताऱ्याने स्वतःच्या संघाचा बॉल आम्हाला दिला. याच्या मापावर मी काय तक्रार करू?”

बॉल आमच्याकडे आला, उरलेले सेकंद सरले आणि आम्ही जिंकलो! फावडी हवेत उडाली, बंदरातल्या सगळ्या बोटींनी भोंगे वाजवले, आणि शिवी देणाराच ट्रेम्बाथला खांद्यावर घेऊन नाचला. मित्रांनो, मापाच्या वस्तू स्वच्छ ठेवा आणि त्या आपल्या बाजूने झुकल्या तर आधी तुम्हीच बोला. आमचा मान तेवढ्यावरच असतो.

मिस ऑगस्टा काठी टेकत मैदानात उतरली. कागदवाले गृहस्थ मागोमाग होतेच.

“क्लिफर्ड, हरलो असतो तर?”

“तर हरलो असतो, मिस ऑगस्टा. सोमवारी वजनकाट्यावर जायचंच होतं.”

“आणि गावाने तुला तळ्यात बुडवलं असतं.”

“तळं गोठलंय,” स्टॅश म्हणाला.

ती खूप दिवसांनी मोकळेपणाने हसली. वाकून तिने हातमोजा काढला आणि वडिलांनी घडवलेल्या माझ्या कडीवर बोट फिरवलं. मग त्या गृहस्थांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“खुर्च्या तुमच्याकडे पुष्कळ असतील, साहेब, पण ही माणसं नाहीत. संघ विकायचा नाही. डॉकर्स इथेच खेळतील.”