पात्र अजून थंड होतं

स्क्रू बोटांत आहे की नाही, हे तिला बघूनच कळत होतं... तिळाएवढा, पितळेचा. केमोने बोटांची टोकं बधिर केली होती – येईल जाणीव परत, काहींना येते, असं डॉक्टर म्हणाले होते – आणि रोस्विता तर पंचवीस वर्षं याच बोटांवर जगली होती. दुर्बिणीच्या अवरक्त संवेदकातून येणारा कणभर संकेत तारांच्या स्वतःच्या खरखरीत बुडू नये, एवढंच तिचं काम.

अर्थिंगची पट्टी बसवायची होती. शेजारी प्रयोगशाळेतला तिचा जुना सहकारी क्विरिन टॉर्च धरून उभा होता. दे, मी लावतो, असं तो म्हणाला नाही. दोनदा स्क्रू पडला, दोनदा त्याने चिमट्याने उचलून तिच्या तळहातावर ठेवला, आणि डोंगरावरून येणाऱ्या गरम वाऱ्याने आपलं डोकं कसं धरलंय, कॅन्टीनमधलं लेबरकेज, ती मांसाची भाजलेली वडी, हल्ली किती खारट असतं, हे सांगत राहिला.

तिसऱ्यांदा बसला.

फेब्रुवारीत ती रजेवर गेली तेव्हा संवेदक शीतपात्रात होता, मोजणी अर्धवट. एकदा का तो गरम झाला की आधीच्या आकड्यांशी तुलनाच संपली... तिने मनातून ती मोजणी सोडून दिली होती. तेव्हा काय काय नाही सोडलं. आज सकाळी मात्र तापमापकावर तोच थंड आकडा पाहून ती थबकली. पात्र थंड राहायला त्यात द्रव नायट्रोजन रोज भरावा लागतो – ईस्टरला, रविवारी, क्विरिनच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा –

"तू भरत होतास?"

"मग कोण? साहेब म्हणत होते, गरम करून दुसऱ्याला देऊ. म्हटलं, रोस्वी येणार आहे."

"तुला काय माहीत, मी येईन म्हणून?"

"नव्हतं माहीत," क्विरिन म्हणाला. "नायट्रोजन होता."

मग तो कॉफी आणायला गेला.

पडद्यावर खरखरीची रेषा खाली उतरली. हवी तेवढी नाही, अजून कुठूनतरी काहीतरी झिरपत होतं. गुरुवारी तिचे रिपोर्ट यायचे होते. सकाळपासून छातीवर बसलेली ती भीती तिने चाचपून पाहिली – होती, तिथेच होती, पण तिच्याभोवती आता जरा मोकळी जागा झाली होती, आणि त्या जागेत काहीतरी उबदार, जड, डोळ्यांपर्यंत येऊन थांबलेलं... पुढच्या वर्षी हा संवेदक चिलीतल्या दुर्बिणीवर बसवायला कुणालातरी जावं लागेल. मी जाईन, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि ते खोडायला ती धावली नाही.